जुन्या जलवाहिन्या आणि शेवटच्या घराचे पाणी

पाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा होते. धरण किती टक्के भरले ही एक, आणि नळाला पाणी किती वाजता येणार ही दुसरी. या दोहोंच्या मधे जे आहे, म्हणजे धरणापासून आपल्या मोरीपर्यंत जमिनीखालून आलेले मैलोन्‌मैल पाईप, त्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. कारण ते दिसत नाहीत. रस्त्याला खड्डा पडला तर दुसऱ्या दिवशी निवेदन जाते. पाईपला भोक पडले तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. धरण भरलेले असूनही वस्तीच्या शेवटच्या घरात घागर भरत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या भागात असते.

आपल्या संस्थेचे बरेच सभासद मूळचे कवठे येमाई आणि शिरूर-दौंड भागातले. काहीजण अजून गावी शेती सांभाळून आहेत, तर काही नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे शहराचा नळ आणि गावाचा कालवा या दोन्ही टोकांना आपली माणसे आहेत. सबब जुन्या जलवाहिन्या बदलण्याचा प्रश्न हा केवळ इंजिनियर मंडळींचा प्रश्न नसून तो आपला आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात तो शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत. विद्यार्थी मित्रांनी त्यातली आकडेमोड वहीत करून पाहावी.

थोडा इतिहास

पुणे शहराला नळाने पाणी आणण्याची कल्पना इंग्रजांची नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने पाणी शहरात आणले गेले. ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले जाई. फडके हौद, काळा हौद ही नावे आजही पुण्यात चौकांची नावे म्हणून टिकून आहेत. पुढे मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण झाले. ते १८७९-८० च्या सुमारास पूर्ण झाले, आणि नंतरच्या काळात शहराचे पाणी प्रामुख्याने तेथून येऊ लागले.

हौद होते, पाणीही होते. परंतु ते सर्वांना नव्हते. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, यावरूनच इतर हौदांची स्थिती काय होती हे समजते. त्यानंतर ५५ वर्षांनी, ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपल्या चवदार तळ्याबाबत तसा निर्णयही केला. प्रत्यक्षात मात्र त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तेथे जावे लागले, आणि न्यायालयातला निकाल तर १९३७ साली लागला.

आपण हा इतिहास दरवर्षी स्मरतो. त्यातून जलवाहिन्यांच्या प्रश्नालाही लागू पडणारा एक धडा आहे. कागदावर ठराव झाला म्हणजे तोंडात पाणी पडले असे होत नाही. राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई केली. आज पाणवठ्यावर कोणी उघडपणे अडवत नसेल, पण वाहिनीच्या शेपटाला असलेल्या वस्तीत दाबच पोचत नसेल, तर तेथील माणसाचा हक्क कागदावरच राहतो. पाईपला जात कळत नाही हे खरे. मात्र तो कोठून कसा न्यायचा, किती इंची टाकायचा आणि कोणता आधी बदलायचा, हे माणसेच ठरवतात.

पाईप म्हातारा कसा होतो?

जुन्या काळी रस्त्याखालच्या मुख्य वाहिन्या बिडाच्या असत. बीड हे टिकाऊ पण ठिसूळ. दोन पाईप जोडताना सांध्यात ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतत. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा बारीक पाईप लोखंडी, त्यावर जस्ताचा मुलामा. आपण त्याला जी.आय. पाईप म्हणतो. काही ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाईपही टाकले गेले.

हे पाईप तीन तऱ्हांनी म्हातारे होतात.

पहिली तऱ्हा आतून. लोखंड आणि पाण्यातला प्राणवायू यांचा संयोग होऊन गंज धरतो. तो सारखा पसरत नाही, त्याच्या गाठी बनतात. वर्षे जातील तशा गाठी वाढतात आणि पाईपची पोकळी अरुंद होते. समजा ६ इंची पाईपची मोकळी जागा ४ इंचांवर आली. आपल्याला वाटेल की पाणी दोन तृतीयांश तरी येईल. तसे होत नाही. पोकळीचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ६ चा वर्ग ३६ आणि ४ चा वर्ग १६, म्हणजे क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी झाले. त्यात अरुंद पाईपमध्ये घर्षण वाढते. जलशास्त्राच्या सूत्राने हिशेब केला तर तेवढ्याच दाबाखाली पूर्वीच्या सुमारे एक तृतीयांशच पाणी जाते. गाठींच्या खडबडीतपणामुळे ते आणखी घटते. वस्तीच्या तोंडाशी धो धो आणि टोकाला करंगळीएवढी धार, हा प्रकार असा घडतो.

दुसरी तऱ्हा बाहेरून. ओलसर, खारट किंवा गटाराच्या पाण्याने भिजलेल्या मातीत पाईप बाहेरून कुरतडला जातो. घरगुती जोडणीच्या पाईपवरचा जस्ताचा मुलामा गेला की आतले लोखंड झपाट्याने सडते.

तिसरी तऱ्हा सांध्यांची. रस्त्यावरून पूर्वी बैलगाड्या व टांगे जात, आता मालमोटारी जातात. त्यांच्या हादऱ्याने जमीन किंचित खचते, ठिसूळ बिडाला तडा जातो आणि सांध्यातले शिसे सैल होते. दिवसातून एकदा पाणी सोडायचे आणि पुन्हा बंद करायचे, या रोजच्या झटक्यानेही सांधे खिळखिळे होतात.

येथे एक शंका विचारली जाते. पाणी कमी येते तर पंप मोठा बसवून दाब का वाढवू नये? कारण दाब वाढला की प्रत्येक भोकातली गळतीही वाढते, आणि कमकुवत पाईप फुटतो. फाटक्या पोत्यात जास्त धान्य ओतण्यासारखेच ते आहे.

घाण पाणी आत शिरते कसे?

गळक्या पाईपमधून पाणी बाहेर जाते हे सर्वांना समजते. परंतु त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत येते, हे पुष्कळांना पटत नाही. वास्तविक घातक आहे ते हेच.

पाईपमध्ये दाब आहे तोवर पाणी आतून बाहेर जाते. चावी बंद झाली की उताराकडची घरे उरलेले पाणी ओढून घेतात आणि पाईप रिकामा होऊ लागतो. त्यात पोकळी निर्माण होते. आजूबाजूच्या ओल्या मातीतले, गटारातले, तुंबलेल्या ड्रेनेजचे पाणी त्या पोकळीत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी चावी सुटली की पहिल्या लोंढ्याबरोबर ते कोणाच्या तरी हंड्यात येते. थेट नळाला विजेची मोटार लावणारे तर ही ओढ स्वतःच्या हाताने वाढवितात. मोटार लावणाऱ्याच्या घरी पाणी चढते खरे, पण शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो, आणि गटाराचा अंश सर्वांच्याच वाट्याला येतो.

दाट वस्तीत हा धोका अधिक. तेथे अर्धा इंची जी.आय. पाईपचे जुडगे उघड्या गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच, घरोघर गेलेले असते. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचा संकेत असा, की पिण्याच्या पाण्याची वाहिनी मैलावाहिनीपासून आडवी ३ मीटर दूर असावी. ते शक्य नसेल तर ती मैलावाहिनीच्या किमान अर्धा मीटर वर असावी. सहा फुटी बोळात ३ मीटर कोठून आणणार? म्हणूनच अशा ठिकाणी पाईप चांगल्या प्रतीचा, सांधे पक्के आणि गटार बंदिस्त असणे याला दुप्पट महत्त्व येते.

दूषित पाण्याची किंमत काय असते, ते आपल्या राज्याने वारंवार पाहिले आहे. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची, म्हणजे हेपॅटायटीस ई या रोगाची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. गरोदर स्त्रियांना ही कावीळ विशेष घातक असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुइलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. पुणे परिसरातील एकूण रुग्णसंख्या दोनशेच्या आसपास पोचली. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जंतू सापडला आणि सर्वांचे लक्ष त्या भागातील पाण्याकडे वळले. शहर वाढते, गावे शहरात येतात, इमारती उठतात. त्यांच्या बरोबरीने शुद्धीकरण आणि वाहिन्या वाढल्या नाहीत तर काय होते, याचा तो इशारा होता.

श्रीमंत देशही याला अपवाद नाहीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. खर्च वाचविण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये तेथे पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. नवे पाणी पाईपला जास्त कुरतडणारे होते, आणि ते टाळण्यासाठी मिसळावयाचे औषध मिसळले गेले नाही. परिणामी जुन्या पाईपमधले शिसे पाण्यात उतरले आणि लहान मुलांच्या रक्तात सापडले. फ्लिंट हे गरीब वस्तीचे आणि कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेले शहर. पाण्याचा रंग व वास बदलल्याची तक्रार तेथील रहिवासी सुरुवातीपासून करीत होते. त्यांचे ऐकण्यास फार उशीर झाला.

गळतीचे गणित

आम्ही बँकेत काम करतो, त्यामुळे हिशेबाची सवय जडलेली आहे. दिवसअखेर जमा आणि नावे जुळले नाही तर आम्हांला घरी जाता येत नाही. पाणीपुरवठ्याचे खाते मात्र वर्षानुवर्षे न जुळता चालू राहते. धरणातून उचललेले पाणी ही जमा धरली आणि ज्याचे बिल होते ते पाणी नावे धरले, तर मधला फरक म्हणजे बेहिशेबी पाणी. त्यात गळती येते, चोरटी जोडणी येते आणि बंद पडलेले मीटरही येतात. केंद्र शासनाने २००८ साली शहरांसाठी सेवांचे मानक ठरविले. त्यात हा फरक २० टक्क्यांपर्यंत असावा असे म्हटले आहे. पुणे महापालिकेने नवी योजना आखली तेव्हा तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक धरला होता.

एक छोटे उदाहरण घेऊ. एका सांध्यातून मिनिटाला १० लिटर पाणी झिरपते आहे. तासाला ६०० लिटर आणि दिवसाला १४,४०० लिटर झाले. शहरात दरमाणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे त्या एका सांध्यातून १०६ माणसांचे पाणी गेले. खेड्यासाठी जल जीवन मिशनने ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने २६१ माणसांचे, म्हणजे एका वाडीचे पाणी गेले. वर्षाला हेच पाणी साडेबावन्न लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे ५२५ टँकर! यावर कोणी म्हणेल की जमिनीत मुरलेले पाणी कोठे जाते, विहिरीलाच तर लागते. काही अंशी ते खरे आहे. परंतु ते पाणी उचलायला वीज लागली, शुद्ध करायला तुरटी व क्लोरीन लागले, आणि एवढे करून ज्याच्यासाठी हे केले त्याला ते मिळाले नाही.

शिरूर-दौंडच्या वाचकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. खडकवासल्याचा कालवा पुणे शहरातून पुढे हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो. दर उन्हाळ्यात शहराला किती आणि शेतीला किती यावर कालवा समितीत खडाजंगी होते. एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. समजा एखाद्या शहराने वर्षाला १५ टी.एम.सी. पाणी उचलले आणि त्यातले तिसऱ्या हिश्श्याने पाणी बेहिशेबी राहिले, तर ५ टी.एम.सी. झाले. त्यातला निम्मा भाग जरी वाचला, तरी कालव्याच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याला एक आवर्तन वेळेवर मिळण्याची आशा धरता येते. शहरातल्या बोळातला गंजका पाईप आणि दौंडच्या रानातले वाळते पीक यांचा संबंध असा आहे. शहरी माणूस आणि गावचा माणूस यांनी एकमेकांशी भांडण्यापेक्षा दोघांनी मिळून गळतीशी भांडावे, हे अधिक शहाणपणाचे.

वाहिनी बदलतात कशी?

नवा पाईप आणला, जुना काढला आणि बसवला, इतके हे काम सोपे नाही. पाणी बंद न करता ते करावयाचे असते. त्याचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

प्रथम सर्वेक्षण. जुन्या भागात पाईप कोठून गेला आहे याचे नकाशे बहुधा अपुरे असतात. ते ज्ञान चावीवाल्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की तेही जाते. म्हणून ठिकठिकाणी चाचणी खड्डे घेऊन खात्री करतात.

दुसरा टप्पा आराखड्याचा. शहराचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येक विभागाला एकाच तोंडाने पाणी द्यायचे आणि त्या तोंडाशी मोठा मीटर बसवायचा. आत किती गेले आणि घरोघर किती पोचले हे ताडून पाहिले की गळती कोणत्या विभागात आहे हे कळते. बँकेच्या प्रत्येक शाखेचा ताळेबंद वेगळा असतो, तसेच हे आहे. एकमजली घराला ७ मीटर, दुमजलीला १२ मीटर आणि तीन मजल्यांना १७ मीटर उंचीइतका दाब वाहिनीत असावा, असे पूर्वापार मानक आहे. तो दाब सर्वांत उंच व सर्वांत दूरच्या घराशी मिळाला पाहिजे.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष कामाचा. जुनी वाहिनी चालू ठेवून तिच्या बाजूने नवी टाकतात. आता त्यासाठी डी.आय. म्हणजे न तुटता थोडे वाकू शकणारे सुधारित बीड वापरतात. त्याला आतून सिमेंटचे अस्तर असते, त्यामुळे गंजाच्या गाठी धरत नाहीत. सांधा रबरी रिंगेचा असतो. लहान व्यासाला एच.डी.पी.ई. हे प्लॅस्टिक चालते, त्याचे सांधे उष्णतेने एकजीव करतात. चराच्या तळाशी मऊ माती वा वाळूचा थर हवा. टोकदार दगडावर ठेवलेला पाईप लवकर तडकतो. जुन्या पाईपची भिंत मजबूत असेल तर तो आतून खरवडून सिमेंटचे अस्तर देण्याचीही पद्धत आहे. मुंबईत मोठ्या व्यासाच्या काही वाहिन्यांना असे अस्तर दिले गेले.

चौथा टप्पा चाचणीचा. चर बुजविण्यापूर्वी वाहिनीत दाबाने पाणी भरून सांधे गळतात का ते पाहायचे. मग ती धुवायची, जास्त मात्रेचे क्लोरीनचे पाणी ठरावीक तास भरून ठेवायचे, ते सोडून द्यायचे, आणि नमुना प्रयोगशाळेत पास झाल्यावरच पुरवठा सुरू करायचा.

पाचवा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच अर्धवट राहतो. प्रत्येक घराची जोडणी जुन्या वाहिनीवरून काढून नव्या वाहिनीवर द्यायची, आणि तीही नव्या पाईपने. शेवटी जुनी वाहिनी तोडून तिची तोंडे कायमची बंद करायची. आम्ही राहतो त्या भागात काही वर्षांपूर्वी नवी वाहिनी टाकली गेली. रस्ता बुजला, डांबर पडले. मात्र बोळातल्या काही घरांच्या जोडण्या जुन्याच वाहिनीवर राहिल्या आणि जुनी वाहिनी जिवंतच राहिली. त्या घरांत पावसाळ्यात पिवळट पाणी येतच राहिले. लोक म्हणू लागले, एवढा खर्च करून उपयोग काय? दोष नव्या पाईपचा नव्हता. काम तीन चतुर्थांशावर थांबले होते, आणि उरलेला एक चतुर्थांश नेहमीप्रमाणे बोळातल्यांच्या वाट्याला आला होता.

पैसा कोठून येतो?

पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा या नावाची योजना हाती घेतली. तिच्या आराखड्यात शहराचे १४१ विभाग, ८० हून अधिक साठवण टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या नव्या वाहिन्या आणि तीन लाखांवर मीटर धरलेले आहेत. त्यासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने कर्जरोखे काढून २०० कोटी रुपये उभे केले. मुदत १० वर्षे, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये केवळ व्याजाचे झाले. काम पाच वर्षांत व्हावे असे धरले होते. प्रत्यक्षात मुदत पुढे पुढे जात राहिली.

कर्ज काढून पाईप टाकणे यात गैर काही नाही. पाईप दोन पिढ्या टिकणारा असेल तर त्याचा भार एकाच वर्षाच्या पाणपट्टीवर टाकणे उचित नव्हे. मात्र व्याजाचे मीटर रोज चालते, काम मात्र बंद राहते, अशी स्थिती आली तर ते कर्ज अंगावर येते. दुसरे असे, की कोणत्याही यंत्राचा आपण दरवर्षी घसारा धरतो. जमिनीखालच्या पाईपचा घसारा कोणी बाजूला काढून ठेवत नाही. मग पन्नास वर्षांनी सगळाच खर्च एकदम समोर उभा राहतो.

मीटरचा प्रश्न नाजूक आहे. मीटर म्हटले की वस्तीत विरोध होतो, आणि तो अकारण नाही. पाणी तासभर यायचे आणि बिल मात्र मीटरने, हा न्याय कोणाला पटेल? तथापि मीटरविना गळती सापडत नाही, हेही खरे. यावर मार्ग आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूर या लहान गावाने २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाण्याची योजना सुरू केली. तेथे मीटर आहेत, आणि वापर वाढेल तसा दर वाढतो. जरुरीपुरते वापरणाऱ्याला कमी दर, बाग भिजविणाऱ्याला जास्त. नागपुरात आधी धरमपेठ भागात वाहिन्या व घरगुती जोडण्या बदलून प्रयोग केला गेला. नंतर २०१२ पासून साऱ्या शहराचे काम खाजगी कंपनीकडे दीर्घ मुदतीने दिले गेले. त्यावर बरेच वादही झाले. यातून इतके निश्चित दिसते, की आधी पाणी द्यावे, पाईप सुधारावा, मग मीटर लावावा. हा क्रम उलटा झाला की लोकांचा विश्वास उडतो.

आपल्या गावाचे काय?

कवठे येमाई हे घोड नदीच्या खोऱ्यातले गाव. शहराचे हे प्रश्न आपले नव्हेत असे समजण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि खेडोपाडी घरोघर नळ देण्याचे काम सुरू झाले. आज टाकलेले पाईप आज नवे आहेत. पण गावाची टाकी, विहिरीवरची मोटार, जमिनीतली लाईन यांचे वय आजपासूनच मोजले जाऊ लागले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा पंचायतीच्या विषयांपैकी एक मानला. तेव्हा ग्रामसभेत प्रश्न विचारणे हा आपला अधिकार आहे. पाणपट्टीतली काही रक्कम दुरुस्ती निधी म्हणून वेगळी ठेवली जाते काय? लाईनचा नकाशा ग्रामपंचायतीत आहे काय? गावठाणाबाहेरच्या वस्तीला, वाडीला आणि आपल्या वस्तीला दाब सारखा मिळतो काय?

पाण्याची शुद्धता पाहण्यास मोठे शिक्षण लागत नाही. गावातला जलसुरक्षक टी.सी.एल. पावडर टाकतो आणि ओ.टी. चाचणी घेतो. परीक्षानळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. ही चाचणी टाकीजवळ घेऊन भागत नाही. ती लाईनच्या शेवटच्या नळावर घ्यावी लागते. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल तर वाटेत घाण शिरली नाही असे मानण्यास आधार मिळतो. टाकीजवळ पिवळे आणि टोकाला पांढरे आले, तर वाटेत कोठेतरी बिघाड आहे हे समजावे.

आपण काय करू शकतो?

डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखात्याचे सदस्य होते. देशातील नद्यांच्या पाण्याचे नियोजन शास्त्रीय पायावर व्हावे यासाठी १९४५ साली जी केंद्रीय जलसंस्था उभी राहिली, ती याच काळात. पाण्याच्या हक्कासाठी लढणारा नेता पाण्याच्या तंत्रातही तेवढाच रस घेतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. भावना आणि अभ्यास या दोन्हींची जोड हवी. म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना करतो.

१. आपल्या वस्तीत वाहिनीचे काम निघाले तर तिचा नकाशा मागावा. नकाशात शेवटचे घर आहे की नाही ते प्रथम पाहावे.

२. चर बुजविण्यापूर्वी दाबाची चाचणी झाली काय, हे दोन-चार जाणत्या तरुणांनी जागेवर उभे राहून पाहावे. कंत्राटदाराशी हुज्जत घालू नये. तारीख, वार लिहून ठेवावा.

३. घरगुती जोडण्या नव्या पाईपने बदलल्या काय आणि जुनी वाहिनी तोडली काय, हे लेखी विचारावे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

४. नळाला थेट मोटार लावू नये. हा नियम आधी आपण पाळावा, मग दुसऱ्यास सांगावे.

५. पाण्याला वास आला, रंग बदलला किंवा एकाच बोळात दोन-तीन घरी जुलाब, कावीळ झाली तर त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवावे आणि पाणी उकळून प्यावे.

६. संस्थेच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या वस्तीतल्या गळत्यांची यादी करावी. बादली आणि घड्याळ घेतले की मिनिटाला किती पाणी जाते ते मोजता येते. त्यावरून दिवसाचा हिशेब वर दिलाच आहे. आकडा घेऊन गेलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते, नुसत्या तक्रारीला नाही.

पाईप हा कोणाचा पुतळा नव्हे की त्याचे उद्‌घाटन थाटात व्हावे. तो जमिनीत जातो आणि विस्मरणात जातो. म्हणून त्यावर खर्च करण्यास पुढारी फारसे उत्सुक नसतात आणि आपणही आग्रह धरत नाही. परंतु ज्या समाजाला पाण्याच्या एका ओंजळीचे मोल इतिहासाने शिकविले, त्याने तरी जमिनीखाली लक्ष ठेवले पाहिजे. पाणीपुरवठा चांगला आहे की नाही हे टाकीच्या उंचीवरून ठरवू नये. पहाटे शेवटच्या घरातल्या नळाखाली हंडा भरायला किती वेळ लागतो, आणि त्यातले पाणी तान्ह्या मुलाला न उकळता देता येते काय, यावरून ठरवावे. ही परीक्षा आपापल्या वस्तीत सभासदांनी एकदा घेऊन पाहावी आणि निकाल संस्थेला कळवावा, अशी नम्र विनंती आहे.